नाशिक परिसरातील चुनेगच्ची बांधकामे आणि स्तरित हायड्रॉक्साइड खनिजे : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर परिसरातील मंदिरे, घाट, वाडे व पूल यांचा अभ्यास आजवर प्रामुख्याने राजकीय इतिहास, शिल्पशैली व धार्मिक परंपरा या अंगांनी झाला आहे. ज्या द्रव्यामुळे हे दगड एकमेकांना धरून राहिले, त्या चुन्याकडे मात्र इतिहासलेखनाचे लक्ष क्वचितच गेले. बखरी व कागदपत्रांत बांधकाम करविणाऱ्या सरदाराचे नाव येते, खर्चाचा आकडा येतो, परंतु चुनखडी भाजणारा, कळीचा चुना विझविणारा आणि घाणीवर तो दळणारा कारागीर नोंदीच्या बाहेरच राहतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता विझविलेला चुना हे कॅल्शियम हायड्रॉक्साइड असून निसर्गात सापडणाऱ्या त्याच्या रूपाला खनिजशास्त्रात पोर्टलँडाइट म्हणतात. ब्रुसाइट, गिब्साइट व हायड्रोटॅल्साइट ही ज्या स्तरित हायड्रॉक्साइड खनिजांच्या कुळातील खनिजे आहेत, त्याच कुळातील हे एक खनिज होय.

प्रस्तुत निबंधात तीन गोष्टींचा विचार केला आहे. नाशिकसारख्या बेसाल्टच्या प्रदेशात चुना कोठून आला, स्तरित हायड्रॉक्साइडांची रचना विज्ञानाला कशी उलगडत गेली, आणि या ज्ञानाचा जुन्या वास्तूंच्या जतनाशी काय संबंध आहे, हे ते तीन प्रश्न होत.

बेसाल्टच्या प्रदेशातील चुना

नाशिक जिल्ह्याचा बहुतेक भूभाग सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. विंध्य प्रदेशात किंवा विदर्भातील वणी-राजुरा भागात आढळतात तसे चुनखडकाचे जाड थर येथे नाहीत. तरीही येथे शतकानुशतके चुन्याचे बांधकाम झाले. त्याचे कारण नदीकाठच्या गाळात आणि काळ्या जमिनीत सापडणाऱ्या चुनखडीच्या गाठी, म्हणजेच कंकर, हे होय.

या गाठींची उत्पत्ती बेसाल्टच्याच विघटनातून होते. बेसाल्टमधील प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार व पायरॉक्सिन या खनिजांत कॅल्शियम असते. पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने वाहून नेते. सह्याद्रीच्या माथ्यावर, इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात, पाऊस विपुल असल्याने हे कॅल्शियम धुऊन जाते. पूर्वेकडे निफाड, सिन्नर, येवला या कमी पावसाच्या भागात मात्र बाष्पीभवन अधिक असल्यामुळे ते मातीतच कॅल्साइटच्या गाठींच्या रूपाने साठते. शेतकऱ्याला नांगरताना अडथळा वाटणारी ही चुनखडी लोणारी समाजाच्या चुनाभट्टीचा कच्चा माल ठरली. महाराष्ट्रात चुना, मीठ व कोळसा तयार करण्याचा व्यवसाय लोणारी समाजाने परंपरेने केला असून 'चुने लोणारी' व 'मीठ लोणारी' ही पोटभेदांची नावे त्या व्यवसायांची साक्ष देतात.

कंकराचे आणखी एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेतले पाहिजे. तो शुद्ध कॅल्साइट नसतो. मातीतच वाढल्यामुळे त्यात चिकणमातीचा अंश मिसळलेला असतो. भट्टीत भाजताना या चिकणमातीतील सिलिका व ॲल्युमिना क्रियाशील होतात. परिणामी कंकराचा चुना पाण्याच्या सान्निध्यातही काही प्रमाणात आवळतो. गोदावरीसारख्या पूर येणाऱ्या नदीच्या काठी या गुणाचे महत्त्व किती असेल, हे वेगळे सांगावयास नको.

बांधकामाच्या परंपरा

नाशिक परिसरात दगडी बांधकामाच्या तीन अवस्था स्पष्टपणे दिसतात. पहिली अवस्था पांडवलेण्यांची. सातवाहन व क्षत्रप काळातील ही लेणी सलग पाषाणात कोरलेली असल्यामुळे तेथे सांध्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरी अवस्था यादवकालीन मंदिरांची. सिन्नर येथील गोंदेश्वर हे या शैलीचे ठळक उदाहरण असून हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत घडीव दगड एकमेकांत बसवून, त्यांच्या वजनावर व खाचांवर भिस्त ठेवून, सांध्यांत चुना न भरता इमारत उभी केली जाई.

तिसरी अवस्था मराठेशाहीतील चुनेगच्ची बांधकामाची होय. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधविलेले रामेश्वर मंदिर, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये उभारलेले सुंदरनारायण मंदिर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात आरंभ झालेला त्र्यंबकेश्वराचा जीर्णोद्धार आणि १८ व्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधविलेले काळाराम मंदिर ही या काळातील प्रमुख बांधकामे. अठराव्या शतकात नाशिकला मिळालेल्या राजाश्रयामुळे घाट, धर्मशाळा व वाडे यांचीही भर पडली. कमानी, घुमट, गच्च्या, हौद आणि नक्षीदार गिलावा ही अंगे चुन्याच्या साहाय्याने सुलभ झाली.

या पद्धतीची कृती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करावयाचा, तो पाण्यात विझवून हौदात मुरत ठेवावयाचा, नंतर वाळू अथवा विटांचा भुगा म्हणजे सुर्खी मिसळून बैलांच्या घाणीवर दळावयाचा, आणि गिलाव्यासाठी त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी, ताग अशी द्रव्ये घालावयाची, असा हा क्रम होता. चुना जितका जुना मुरलेला तितका तो चांगला, हा गवंड्यांचा ठाम समज होता. प्राचीन रोममध्येही अशीच धारणा होती. प्लिनीने तीन वर्षे मुरलेला चुनाच बांधकामास वापरण्याच्या जुन्या नियमाचा उल्लेख केला आहे. संस्कृतातील 'सुधा' म्हणजे चुन्याचा लेप आणि त्यावरून 'सौध' म्हणजे चुन्याने शुभ्र केलेला प्रासाद, हे शब्दही या द्रव्याची भारतातील प्राचीनता दर्शवितात.

चुन्याच्या रसायनाचा उलगडा

कळीच्या चुन्यावर पाणी घातले असता तो उकळू लागतो, याचे कारण दीर्घकाळ गूढ होते. दगडात दडलेला अग्नी पाण्याने मुक्त होतो, अशी समजूत युरोपातही होती. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून प्रथमच असे सिद्ध केले की, चुनखडी भाजली असता तिच्यातून एक विशिष्ट वायू निघून जातो व त्यामुळे तिचे वजन घटते. या वायूस त्यांनी 'स्थिर वायू' म्हटले. तोच आजचा कार्बन डायऑक्साइड. सुंदरनारायण मंदिराचे व या प्रयोगांच्या प्रकाशनाचे वर्ष एकच आहे. एका बाजूला चुना रचला जात होता, तर दुसऱ्या बाजूला त्याचे वजन मोजले जात होते.

ही क्रिया आकड्यांत अशी मांडता येते. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट १०० किलो घेऊन सुमारे ९०० अंश सेल्सियस तापमानास भाजले असता ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो व ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यात १८ किलो पाणी रासायनिक रीतीने सामावून ७४ किलो विझविलेला चुना तयार होतो. भिंतीत गेल्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा १०० किलो कार्बोनेट बनतो. म्हणजे दगडापासून निघालेला चुना अखेर दगडच होतो. या चक्रातील मधली अवस्था, जी मऊ असते, थापीने पसरते आणि कोणत्याही आकारात बसते, तीच स्तरित हायड्रॉक्साइडाची अवस्था होय.

स्तरित रचनेचा शोध

स्तरित हायड्रॉक्साइडांपैकी मॅग्नेशियमचे ब्रुसाइट हे खनिज अमेरिकन खनिजशास्त्रज्ञ आर्किबाल्ड ब्रूस यांनी १८१४ मध्ये वर्णिले आणि १८२४ मध्ये बुदां यांनी त्याला ब्रूस यांचे नाव दिले. ॲल्युमिनियमच्या गिब्साइटचे नामकरण १८२२ मध्ये झाले. अभ्रकासारखे पापुद्रे सुटण्याचा ब्रुसाइटचा गुण प्रारंभापासून ज्ञात होता. परंतु त्याचे कारण कळण्यास क्ष-किरण विवर्तनाची पद्धत विकसित व्हावी लागली. १९२० च्या सुमारास आमिनॉफ यांनी ब्रुसाइटची, तर १९३४ मध्ये हेलेन मेगॉ यांनी गिब्साइटची स्फटिकरचना उलगडली. १९३५ मध्ये बर्नाल व मेगॉ यांनी धातूंच्या हायड्रॉक्साइडांतील हायड्रोजनाच्या भूमिकेचा सविस्तर विचार मांडला.

या अभ्यासातून पुढे आलेले चित्र असे. प्रत्येक धातू-आयनाभोवती सहा हायड्रॉक्सिल गट अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर बसतात. शेजारच्या अष्टफलकांच्या कडा सामाईक असल्यामुळे प्रत्येक हायड्रॉक्सिल तीन धातू-आयनांना जोडलेला राहतो आणि एक विस्तीर्ण सपाट स्तर तयार होतो. स्तराच्या आतील बंध बळकट, तर दोन स्तरांमधील आकर्षण क्षीण असते. म्हणून स्तर एकमेकांवरून सहज विलग होतात. ब्रुसाइटमध्ये एका स्तरापासून पुढील स्तरापर्यंतचे अंतर ०.४८ नॅनोमीटर, तर कॅल्शियमचा आयन मोठा असल्यामुळे पोर्टलँडाइटमध्ये ते ०.४९ नॅनोमीटर आहे. गिब्साइटमध्ये ॲल्युमिनियमचा विद्युत्भार तीन असल्याने अष्टफलकांच्या दर तीन जागांपैकी दोनच भरलेल्या असतात.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड मानवाने हजारो वर्षे तयार केले असले तरी निसर्गातील खनिज म्हणून त्याची नोंद १९३३ मध्ये झाली. आयर्लंडच्या उत्तर भागातील अँट्रिम परगण्यात स्कॉट हिल येथे सी. ई. टिली यांना ते सापडले. पोर्टलँड सिमेंट भिजल्यावर हेच द्रव्य तयार होते, म्हणून त्याचे नाव पोर्टलँडाइट ठेवण्यात आले. अँट्रिमचा प्रदेशही दख्खनप्रमाणे बेसाल्टचाच आहे. तेथे तप्त शिलारस खडूच्या थरांना भिडला व निसर्गानेच चुनाभट्टी पेटविली, असे म्हणता येईल. हवेच्या संपर्कात हे खनिज लवकर कार्बोनेट बनते, त्यामुळे ते निसर्गात दुर्मीळ आहे.

त्याच ठिकाणी १९३४ मध्ये हायड्रोकॅलुमाइट हे दुसरे खनिज वर्णिले गेले. त्यात काही कॅल्शियमची जागा ॲल्युमिनियम घेतो. द्विभारी आयनाच्या जागी त्रिभारी आयन आल्याने स्तरावर धनभार शिल्लक राहतो. तो संतुलित करण्यासाठी स्तरांच्या मधे ऋण-आयन व पाण्याचे रेणू शिरतात. नॉर्वेतील स्नारुम येथील हायड्रोटॅल्साइट, ज्याची नोंद १८४२ मध्ये झाली होती, ते याच प्रकारचे मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम खनिज असून त्याच्या कुळाची रचना १९६० च्या दशकाच्या अखेरीस आल्मान व टेलर यांच्या कार्यामुळे निश्चित झाली. या कुळाला आज स्तरित द्विहायड्रॉक्साइडे म्हणतात. स्तरांमधील ऋण-आयन बदलता येत असल्याने पाण्यातील प्रदूषके शोषणे, औषधे वाहून नेणे व उत्प्रेरण यांसाठी त्यांचा अभ्यास होत आहे.

पारंपरिक ज्ञानाचे शास्त्रीय अर्थ

या रचनेच्या प्रकाशात गवंड्यांच्या अनेक रूढींचा अर्थ लागतो. नव्याने विझविलेल्या चुन्यात पोर्टलँडाइटचे स्फटिक पुष्कळ अंशी जाड षट्कोनी स्तंभांसारखे असतात. पाण्याखाली दीर्घकाळ मुरत ठेवल्यास त्यांची झीज होऊन ते अतिसूक्ष्म, पातळ चकत्यांचे होतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉड्रिग्ज-नावारो व सहकाऱ्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय अभ्यासात दिसून आले. चकत्यांमध्ये पाणी धरले जाते, त्या एकमेकींवरून घसरतात आणि चुना लोण्यासारखा मऊ होतो. मुरलेला चुना चांगला, या धारणेस असा स्फटिकीय आधार आहे. घाणीवरील दळणाने चुन्याचे गोळे फुटून तो वाळूच्या कणांभोवती समप्रमाणात पसरतो.

गुळाचा उपयोगही निराधार नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड साध्या पाण्यात लिटरला सुमारे १.७ ग्रॅम इतकेच विरघळते. पानातील चुन्यावरची किंवा औषधात वापरावयाची चुन्याची निवळी ती हीच. शर्करेच्या सान्निध्यात मात्र ही विद्राव्यता लक्षणीय वाढते, आणि सेंद्रिय रेणू स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांची वाढ व आकार नियंत्रित करतात.

सुर्खीचे कार्य याहून महत्त्वाचे आहे. भाजलेल्या मातीतील सिलिका व ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट आणि हायड्रोकॅलुमाइटच्या जातीची स्तरित ॲल्युमिनेट संयुगे तयार होतात. ही क्रिया हवेवाचून, पाण्याखालीही चालते. विहिरी, हौद व घाट यांना सुर्खीचा चुना का लागतो, याचे उत्तर येथे मिळते.

विशेष म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटांचे नैसर्गिक भाऊबंद दख्खनच्या पाषाणातच आहेत. पांडवलेण्याजवळील खाणींतून निघालेले ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट, मॉर्डेनाइट व पॉवेलाइट यांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले असून सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात अशा खनिजांचे वैभव पाहावयास मिळते. यांपैकी ॲपोफिलाइट हे कॅल्शियमचे स्तरित सिलिकेट आहे. दख्खनच्या इतर भागांतील पोकळ्यांत सापडणाऱ्या गायरोलाइटमध्ये तर कॅल्शियम अष्टफलकांचे, पोर्टलँडाइटशी साम्य असलेले स्तर सिलिकेटच्या स्तरांमध्ये बसलेले असतात. लाव्हातील पोकळ्यांत उष्ण पाण्याने जे घडविले, त्याच्याशी नाते सांगणारे द्रव्य सुर्खीच्या चुन्यात सामान्य तापमानास घडते. भिंतीखालच्या काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइटमध्येही गिब्साइटसदृश अष्टफलकी स्तर असतो. त्याच्या स्तरांत पाणी शिरून जमीन फुगते, म्हणून जाणते गवंडी काळी माती काढून मुरुमापर्यंत पाया नेत.

सिमेंटचे आगमन

१८६५ मध्ये थळ घाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे आली. घाटांतील पूल व बोगदे यांच्या कामांनी चुन्याची मागणी वाढविली आणि दर्जाचा प्रश्नही तीव्र केला. १८६७ मध्ये भोर घाटातील दगडी पूल कोसळल्यानंतर रेल्वेच्या दगडी बांधकामाची कसून तपासणी झाली. कारागिराच्या हातावरील विश्वासाची जागा हळूहळू अभियंत्याच्या मोजमापाने घेतली. १८८४ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील सेवेस साहाय्यक अभियंता म्हणून नाशिक येथेच आरंभ केला, ही नोंद या स्थित्यंतराची द्योतक आहे.

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले होते. भारतात पोरबंदर येथे १९१४ मध्ये सिमेंटचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसीची स्थापना झाली. स्वातंत्र्योत्तर काळात चुनाभट्ट्या विझत गेल्या. १९५९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे 'मेरी'मध्ये, बांधकाम साहित्याच्या चाचण्या शास्त्रशुद्धपणे होऊ लागल्या. मात्र तोवर चर्चेचा विषय सिमेंट हा झाला होता.

तथापि चुना नाहीसा झाला नाही. भिजलेल्या सिमेंटमध्ये साधारणतः पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक पोर्टलँडाइट असते. काँक्रीटमधील लोखंडाला गंजण्यापासून वाचविणारी अल्कधर्मिता मुख्यतः त्यामुळे टिकते. एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्रातून निघते तशी कोळशाची राख सिमेंटमध्ये मिसळल्यास ती याच पोर्टलँडाइटशी संयोग पावते. सुर्खीचेच तत्त्व येथे नव्या रूपाने कार्य करते.

जतनाचा प्रश्न

जुन्या चुनेगच्ची भिंतीस सिमेंटचा गिलावा किंवा दर्जा भरणे हा दुरुस्तीचा सोपा मार्ग मानला जातो. त्याचे परिणाम मात्र गंभीर असू शकतात. चुन्याचा सांधा सच्छिद्र असतो. भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटचा कठीण व घट्ट थर ही वाट बंद करतो. मग ओल दगडात व जुन्या चुन्यात कोंडते, सिमेंटमधील विद्राव्य क्षार तिच्याबरोबर फिरतात आणि पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक वाढून दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याचा सांधा झिजला तर तो पुन्हा भरता येतो; शिल्पाचा झिजलेला दगड परत येत नाही.

गोदाकाठी पुराचा प्रश्न यात भर घालतो. २००८ व २०१९ च्या पुरांत नदीपात्रालगतची मंदिरे पाण्याने वेढली गेली. जाड भिंतीच्या गाभ्यात हवा न पोहोचल्याने चुना दीर्घकाळ हायड्रॉक्साइडच्याच रूपात राहू शकतो. कॅल्साइटच्या तुलनेत पोर्टलँडाइट पाण्यात कितीतरी अधिक विरघळत असल्यामुळे वारंवार पाणी शिरल्यास असा गाभा पोकळ होण्याचा धोका असतो. म्हणून भिंतीत कॅल्साइट किती, पोर्टलँडाइट किती व सुर्खीजन्य संयुगे किती, हे क्ष-किरण विवर्तन व औष्णिक विश्लेषण यांनी आधी तपासून मगच दुरुस्तीचे मिश्रण ठरविणे इष्ट आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने दर बारा वर्षांनी घाट व मंदिर परिसरात मोठी कामे काढली जातात. ती मुदतीत संपविण्याच्या घाईत चुना मुरविण्यास लागणारा अवधी गृहीत धरला जात नाही, तर त्याची किंमत वास्तूला मोजावी लागते.

समारोप

नाशिकच्या चुन्याचा इतिहास हा बेसाल्टमधून निघालेल्या कॅल्शियमचा, तो भाजणाऱ्या व मुरविणाऱ्या कारागिरांचा आणि त्याची रचना उलगडणाऱ्या शास्त्रज्ञांचा एकत्रित इतिहास आहे. गवंड्यांनी जे स्पर्शाने ओळखले, ते विसाव्या शतकातील स्फटिकशास्त्राने स्तरांच्या व आयनांच्या भाषेत सांगितले. या दोन ज्ञानपरंपरा परस्परपूरक आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूशास्त्र व रसायनशास्त्र विभागांनी एकत्र येऊन जुन्या चुन्याच्या नमुन्यांचे विश्लेषण आणि हयात कारागिरांच्या कृतींची नोंद हाती घेतल्यास जतनाच्या कामास विश्वासार्ह आधार मिळेल. चुन्याची घाणी फिरविलेले हात आता मोजकेच उरले आहेत, ही बाब ध्यानी घेता नोंदीचे हे काम आधी व्हावयास हवे.